रिब्स आणि ब्लूजची एक संध्याकाळ : अटलांटा, टेक्सास की मेम्फिस?

ब्रिस्केट, म्हणजे गोमांसाचा मोठा तुकडा, सकाळी अकराच्या सुमाराला पिटवरून, म्हणजे मांस धुरावर शिजवायच्या भट्टीवरून, उतरतं आणि गाणं रात्री आठला सुरू होतं. धुरावर शिजलेलं मांस आणि समोर वाजणारा बँड, दोन्ही एकाच छपराखाली देणारी ठिकाणं अमेरिकेच्या दक्षिणेत पुष्कळ आहेत. कुठे जायचं हे ठरवताना लोक सॉसबद्दल विचारतात, पार्किंगबद्दल विचारतात, किती तारे मिळालेत ते बघतात. मी आधी एवढंच विचारतो, की तुम्ही किती वाजता पोचणार?

आम्ही अटलांटाजवळ राहतो. दर उन्हाळ्यात ओळखीतल्या कुणाचे तरी आईवडील पुण्याहून, नाशिकहून येतात. ह्यूस्टनचा एखादा मित्र कामासाठी दोन दिवस येऊन जातो. कुणी गाडी काढून आठवडाभर दक्षिण फिरायला निघतं. हातात एकच मोकळी संध्याकाळ असते आणि ती वाया जाऊ नये असं वाटत असतं. त्यांच्यासाठी ही तुलना : अटलांटातलं फॅट मॅट्स रिब शॅक, ऑस्टिनबाहेरचं सॉल्ट लिक, ऑस्टिन शहरातलं स्टब्ज आणि मेम्फिसची बील स्ट्रीट. नॅशव्हिलबद्दल शेवटाकडे थोडं.

आधी वेळेचं गणित

ब्रिस्केट म्हणजे गाय-बैलाच्या छातीकडचा जाड तुकडा. जनावराचं वजन पेलणारे हे स्नायू, त्यामुळे अतिशय चिवट. साधारण ११० ते १२० अंश सेल्सिअसच्या धुरात बारा-चौदा तास ठेवल्यावर त्यातलं कोलॅजन विरघळून जिलेटिन होतं आणि मग तो तुकडा बोटांनी सुटतो. म्हणून टेक्सासमधले पिटवाले रात्रभर विस्तव सांभाळतात आणि जेवण सकाळी अकराला सुरू करतात. ऑस्टिनच्या फ्रँकलिन बार्बेक्यूसमोर सकाळपासून रांग लागते ती याच कारणाने. माल संपला की दुकान बंद. तिथे रात्र होतच नाही, मग बँड कुठून असणार?

डुकराच्या रिब्सचं, म्हणजे बरगड्यांचं, तसं नाही. त्यांना चार ते सहा तास पुरतात. दुपारी बाराला चढवलेल्या रिब्स संध्याकाळी सहाला तयार होतात, म्हणजे बँडवाले गाडीतून अँप्लिफायर उतरवत असतात नेमके तेव्हा. ब्लूज, म्हणजे दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांचं गाणं, आणि रिब्स ही जोडी जमण्यामागे मोठा सामाजिक इतिहास आहेच, पण वेळेचं हे साधं गणितही तिच्या बाजूने आहे.

हे मला एका रात्री नीट कळलं. एका पर्यटकी रस्त्यावर, रात्री साडेनऊला, मी ब्रिस्केट मागवलं. समोर आलेल्या कापांच्या कडा वाळल्या होत्या, रंग राखाडी पडला होता आणि कोरडेपणा झाकायला वर सॉस ओतलेला होता. स्टेजवर मात्र एक बाई इतकं सुंदर गात होती, की शेजारच्या टेबलावरच्या लोकांनी काटे खाली ठेवले होते. त्या स्वयंपाकघराचा फार दोष होता असंही मला वाटत नाही. सकाळी शिजलेलं मांस दहा तास गरम ठेवलं की त्याचं असंच होतं. चांगली ठिकाणं संध्याकाळसाठी दुसरा घाणा लावतात, पण सगळ्यांना ते परवडत नाही.

तेव्हापासून माझा नेम ठरला. रात्री जायचं असेल तर रिब्स किंवा चिकन, ब्रिस्केट खायचं असेल तर दुपारी. चारही ठिकाणं मी याच मापाने मोजली आहेत.

फॅट मॅट्स, अटलांटा

पिडमाँट अव्हेन्यूवर १९९० पासून उभं असलेलं हे ठिकाण नावाप्रमाणे खरंच एक शॅक आहे, खोपटंच म्हणा. आत शिरलं की काउंटर. फळ्यावर लिहिलेलं वाचायचं, सांगायचं, पैसे द्यायचे आणि जागा मिळेल तिथे बसायचं. टेबल राखून ठेवण्याची पद्धत नाही. रिब्सच्या खाली साधा पांढरा पाव येतो. पहिल्यांदा येणारे तो बाजूला सारतात, पण रिब्सखाली पडलेला सॉस आणि चरबी त्याच पावाने टिपून घ्यायची असते. सोबत रम घातलेले बीन्स, ब्रन्सविक स्ट्यू, कोलस्लॉ, बटाट्याचं सॅलड. ब्रन्सविक स्ट्यू हा जॉर्जिया आणि व्हर्जिनिया या दोन राज्यांमधला जुना वाद आहे, दोघंही तो आपलाच म्हणतात. टोमॅटो, मका, पावट्यासारखे दाणे आणि मांस यांचं ते दाट कालवण. थंडीत गेलात तर ते घ्याच.

रिब्सवरचा सॉस टोमॅटोचा, गोडसर, शेवटी जराशी तिखट झाक. अर्धा स्लॅब, म्हणजे बरगड्यांची अर्धी पट्टी, एका माणसाला पुरतो. टेक्सासवाले इथे येऊन धुराची खोली कमी आहे म्हणतात आणि ते खरं आहे. या रिब्स सॉससकट खायच्या आहेत. मांसाचा कस पारखायला यायची ही जागा नाही, पण रात्री आठला हातात आलेल्या रिब्स ताज्या असतात आणि चार पावलांवर गिटार वाजत असते. दोन्ही एकाच वेळी उत्तम स्थितीत मिळण्याची शक्यता या चौघांमध्ये मला इथे सर्वांत जास्त वाटते.

स्टेज म्हणजे खोलीचा एक कोपरा. माणूस गातो तेव्हा त्याच्या कपाळावरचा घाम दिसतो. त्यामुळे इथे गप्पा होत नाहीत हे आधी मान्य करून जा. दोन वर्षांनी भेटलेल्या मैत्रिणीशी मनातलं बोलायचं असेल तर बँड सुरू व्हायच्या आधी, सहाला या, जेवा, बोला, आणि पहिला सेट ऐकून निघा. सेट साधारण पाऊण तासाचा, मग विश्रांती. पहिल्या सेटमध्ये गाणारा हात मोकळा करत असतो, दुसऱ्यात तो खरा गातो. ऐकण्यासाठीच आला असाल तर दुसऱ्याला थांबा. लहान मुलं बरोबर असतील तर स्पीकरसमोरचं टेबल टाळा. मी तर मुलीसाठी कानावर लावायचे ते मोठे आवाजरोधक हेडफोन नेतो.

माझे मामा नागपूरला आयुष्यभर शास्त्रीय संगीताच्या बैठकांना गेलेले. गाणं चालू असताना कुणी पानाचा डबा उघडला तरी त्यांच्या कपाळाला आठी पडायची. त्यांना इथे आणलं तेव्हा मला धाकधूक होती. पहिली दहा मिनिटं ते चमचाही न हलवता बसले. मग हळूच म्हणाले, ‘अरे, तो गातोय आणि लोक खुशाल चावतायत. त्याला वाईट नाही वाटत?’ मी सांगितलं, की हे गाणं जन्मलंच मुळी खाण्यापिण्याच्या जागेत. गुलामगिरी संपल्यावरही ज्यांना गोऱ्यांच्या हॉटेलात, नाट्यगृहात पाऊल ठेवता येत नव्हतं, त्या कृष्णवर्णीय मजुरांनी शनिवारच्या रात्रीसाठी गावाबाहेर आपली खोपटी उभी केली. त्यांना ज्यूक जॉइंट म्हणत. तिथे तळलेले मासे, डुकराचं मांस, दारू, नाच आणि गिटार एकत्रच होते. दक्षिणेतल्या पिटवरचं कौशल्यही पिढ्यान्‌पिढ्या मुख्यतः याच माणसांच्या हातात होतं, आधी मळ्यांवर गुलाम म्हणून, नंतर स्वतःच्या टपऱ्यांवर. इथे खाणं हा गाण्याचा अपमान ठरत नाही. बँडसाठी ठेवलेल्या बरणीत पैसे न टाकता उठून जाणं हा मात्र ठरतो.

मामांनी सेट संपल्यावर स्वतः उठून बरणीत दहा डॉलर टाकले आणि गिटारवाल्याला दोन्ही हात जोडून नमस्कार केला. त्यानेही गिटार बाजूला ठेवून तसेच हात जोडले.

सॉल्ट लिक, ड्रिफ्टवुड

ऑस्टिनहून नैऋत्येला गाडीने अर्धा-पाऊण तास. वाटेत ओक, माळरान, मध्येच द्राक्षमळे. १९६७ मध्ये थर्मन आणि हिसाको रॉबर्ट्स या जोडप्याने हे सुरू केलं. हिसाको हवाईत वाढलेल्या जपानी वंशाच्या. इथला सॉस इतर टेक्सासपेक्षा वेगळा लागतो तो त्यांच्यामुळे. त्यात टोमॅटो नाही, आंबटगोड आहे, मोहरीची झाक आहे. आपल्या जिभेला तो लगेच ओळखीचा वाटतो. मला तर बाकी सगळ्या सॉसांपेक्षा जास्त आवडतो.

आत शिरल्याबरोबर गोल उघडा पिट दिसतो. दगडी कठड्याच्या आत लाइव्ह ओकच्या लाकडाचा विस्तव, वर जाळीवर ब्रिस्केट, रिब्स, आणि आकड्यांना टांगलेले सॉसेज. लोक फोटो काढायला थांबतात म्हणून तिथेच गर्दी होते. बसायला लाकडी लांब टेबलं आणि बाक. ‘फॅमिली स्टाइल’ मागवलंत तर ब्रिस्केट, सॉसेज, रिब्स, बीन्स, सॅलड, कोलस्लॉ, पाव, लोणचं, कांदा असं सगळं ताटलीत भरून टेबलावर येतं आणि संपलं की पुन्हा येतं. आपल्या पंगतीत वाढपी फिरतात ना, जवळपास तसंच. दारू इथे मिळत नाही, आपली आपण न्यायची. त्यामुळे पंधरा जणांचा गट बर्फाची पेटी घेऊन येतो आणि दुपार तिथेच घालवतो.

आता गाणं. शनिवार-रविवारी बाहेर झाडांखाली एखादा गिटारवाला किंवा दोघं-तिघं वाजवत असतात. कंट्री, जुनी लोकप्रिय गाणी, कधी हलका ब्लूज. टेबल मिळायची वाट बघताना ते ऐकू येतं आणि बरं वाटतं. पण गाण्यासाठी म्हणून इथे येऊ नका. इथे संगीत पार्श्वभूमीला आहे आणि त्याने तसंच असावं अशी ही जागा आहे. मुलं गवतावर धावतात, आजोबा बाकावर टेकतात, कुणी कुणाला गप्प बसा म्हणत नाही.

वेळेच्या गणितात सॉल्ट लिक दुपारकडे झुकतं. शनिवारी साडेअकराला पोचलात तर ब्रिस्केट उत्तम, रांग सोसण्यासारखी. संध्याकाळी सहाला पोचलात तर कदाचित तासभर थांबावं लागेल, आणि जुलै-ऑगस्टमध्ये टेक्सासचा उकाडा काय असतो हे ज्याने भोगलंय त्यालाच ठाऊक. पाठीचा त्रास असणाऱ्यांसाठी एक सूचना : बाकांना टेकायला पाठ नाही. सासऱ्यांसाठी आम्ही गाडीतली उशी नेली होती. तिचा उपयोग झाला नाही, खुर्ची मागितली ती मात्र लगेच मिळाली. तेव्हा संकोच न करता मागा.

स्टब्ज, ऑस्टिन

या ठिकाणाबद्दल मला सर्वांत जास्त ममत्व आहे आणि तरीही पहिल्यांदा येणाऱ्याला मी ते सर्रास सुचवत नाही.

ममत्वाचं कारण सी. बी. स्टबलफील्ड नावाचा माणूस. टेक्सासात जन्मलेला, कोरियन युद्धात लष्कराच्या भटारखान्यात हजारोंना जेवू घातलेला. १९६८ मध्ये त्याने लबक शहराच्या पूर्वेकडच्या कृष्णवर्णीय वस्तीत एक छोटं बार्बेक्यूचं दुकान काढलं. ते शहर वर्णभेदाने दुभंगलेलं होतं. गोरे कलावंत सहसा त्या बाजूला जात नसत. जेसी टेलर नावाचा एक तरुण गिटारवादक तिथे पोचला, त्याने विचारलं, मित्रांना घेऊन वाजवायला येऊ का? त्यातून रविवार संध्याकाळच्या मैफली सुरू झाल्या. त्या एवढ्याशा खोलीत जो एली, स्टीव्ही रे वॉन, मडी वॉटर्स अशी माणसं वाजवून गेली. वाजवणाऱ्याला जेवण मिळायचं. जेवायला पैसे नसलेल्यालाही मिळायचं. पुढे ते दुकान बंद पडलं, स्टब ऑस्टिनला आला, आपला सॉस बाटल्यांत भरून विकू लागला. १९९५ मध्ये तो गेला. रेड रिव्हर स्ट्रीटवरचं आजचं स्टब्ज सुरू झालं १९९६ मध्ये, म्हणजे ज्याचं नाव पाटीवर आहे त्याने ते पूर्ण झालेलं पाहिलं नाही. लबकमध्ये जुन्या दुकानाच्या जागी त्याचा पुतळा आहे.

आता जाणाऱ्यासाठी व्यवहाराचं. स्टब्जमध्ये दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोकांची गफलत तिथेच होते. एक म्हणजे जेवायची जागा. दुसरी म्हणजे मागच्या उताराचा उघडा रंगमंच, जिथे दोन हजारांहून जास्त माणसं उभी राहतात आणि देशभरातले नावाजलेले बँड येतात. मागच्या कार्यक्रमाचं तिकीट वेगळं, आगाऊ काढायचं, आणि ते उभं राहून बघायचं. ‘जेवता जेवता गाणं ऐकू’ या कल्पनेने आईवडिलांना घेऊन मोठ्या कार्यक्रमाच्या रात्री गेलात, तर त्यांना गर्दी आणि भिंतीपलीकडचा ढोल एवढंच मिळेल. आत एक छोटा स्टेजही आहे. रविवारी सकाळचा गॉस्पेल ब्रंच ही या जागेची वर्षानुवर्षांची ओळख. चर्चची भक्तिगीतं, टाळ्या, समोर बटाटे-अंडी-ब्रिस्केट. तो ज्या रविवारी असेल त्या रविवारी मी बाकी सगळं सोडून इथेच पाठवेन, कारण तेव्हा दोन्ही घड्याळं जुळतात : मांस सकाळचं ताजं आणि गाणंही सकाळचं. जाण्याआधी वेळापत्रक बघून घ्या, हे इथे सर्वांत महत्त्वाचं.

आवडता बँड मागे वाजणार असेल तर प्रश्नच मिटला. जा, आधी थोडं खा, मग उभे राहा. पायात चांगले बूट हवेत.

बील स्ट्रीट, मेम्फिस

मेम्फिसमध्ये तुलना एका हॉटेलाची राहत नाही, अख्ख्या रस्त्याची होते. बील स्ट्रीट १९६६ पासून राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे, आणि १९७७ मध्ये अमेरिकी काँग्रेसने तिला ‘ब्लूजचं घर’ म्हणून मान्यता दिली. ब्लूजचा विख्यात गायक-गिटारवादक बी. बी. किंग, त्याच्या नावातली ती दोन अक्षरं ‘ब्लूज बॉय’ची. ‘बील स्ट्रीट ब्लूज बॉय’ हे त्याचं इथल्या रेडिओवरचं नाव होतं. त्याच्या नावाचा क्लब १९९१ मध्ये या रस्त्यावर उघडला. पलीकडे कोपऱ्यावर ब्लूज सिटी कॅफे आहे. तिथे एका बाजूला रिब्स आणि तमाले, दुसऱ्या बाजूला बँडची खोली.

फायदा उघड आहे. एका ठिकाणचं गाणं रुचलं नाही तर वीस पावलं चालायचं. खिडक्या-दारं उघडी असतात, बाहेर उभं राहून दोन गाणी ऐकून मगच आत शिरता येतं. असा नमुना चाखून बघायची सोय बाकी तिन्ही ठिकाणी नाही. तोटा असा, की शुक्रवार-शनिवारी रात्री हा रस्ता तरुणांचा, दारूचा आणि रेटारेटीचा होतो. बऱ्याच क्लबांत प्रवेशाचे पैसे लागतात. उशिरा २१ वर्षांखालच्यांना थांबू देत नाहीत. भारतातून आलेले सत्तरीचे काका असले तरी दारावर ओळखपत्र मागतात, तेव्हा त्यांचा पासपोर्ट बरोबर ठेवा. आमच्या ओळखीतल्या एका काकूंना त्यावाचून अर्धा तास फुटपाथवर उभं राहावं लागलं.

माझा सल्ला मेम्फिसपुरता वेगळाच आहे. इथे जेवण आणि गाणं एका छपराखाली शोधूच नका. रांदेवू नावाचं तळघरातलं ठिकाण १९४८ पासून आहे, पीबॉडी हॉटेलसमोरच्या गल्लीत. ते सुरू करणारे चार्ली व्हर्गोस ग्रीक कुटुंबातले. तिथल्या रिब्स मंद धुरात तासन्‌तास ठेवत नाहीत. कोळशाच्या विस्तवावर, वरून व्हिनेगरचं पाणी मारत, साधारण सव्वा तासात भाजतात, आणि मग त्यांच्यावर कोरडा मसाला भुरभुरतात. सॉस नाही. पाप्रिका, लसूण, मोहरी, ओरेगानो असा तो मसाला बोटांना चिकटतो. कुरकुरीत कडा, खारट-तिखट चव. गोड सॉसाचा ज्यांना कंटाळा आहे अशा मराठी माणसांना याच रिब्स सर्वांत आवडतात, हे मी आता डझनभर पाहुण्यांवरून सांगू शकतो. आणि वेळेचं गणित इथे आपोआप सुटतं, कारण सव्वा तासात होणारी रिब दिवसभर ताजीच निघते.

बेत असा : पाच वाजता पीबॉडीत कारंज्यातली बदकं लाल गालिच्यावरून ओळीने लिफ्टकडे जातात ते मुलांना दाखवा. साडेपाचला समोरच्या गल्लीत जेवा. सातला चालत बील स्ट्रीटवर या, दहा मिनिटंही लागत नाहीत. साडेनऊपर्यंत ऐका आणि गर्दी चढायच्या आत निघा. बुधवार किंवा गुरुवार मिळाला तर फारच छान. दुसऱ्या दिवशी सकाळी राष्ट्रीय नागरी हक्क संग्रहालय बघा. ४ एप्रिल १९६८ ला ज्या लॉरेन मोटेलच्या सज्जात मार्टिन ल्यूथर किंग यांना गोळी लागली, तिथेच ते आहे. आदल्या रात्री ऐकलेलं गाणं कुठल्या जगण्यातून आलं ते तिथे गेल्यावर समजतं.

नॅशव्हिलचं थोडक्यात. तिथे पकेट्स या हॉटेलाची डाउनटाउनमधली शाखा आहे. टेबल आधी राखता येतं, चेरीच्या लाकडावर धुरावलेलं मांस मिळतं, आणि लोक बसून, लक्ष देऊन गायक-गीतकारांना ऐकतात. माझ्या मामांना पहिल्या दिवशी तिथे नेलं असतं तर त्यांना कमी धक्का बसला असता. ब्रॉडवे या तिथल्या बारच्या रस्त्यावरच्या गोंगाटाची धास्ती असेल तर हे चांगलं. मांसासाठी मात्र मी मार्टिन्स या बार्बेक्यूवाल्यांकडे जाईन, अख्खं डुक्कर रात्रभर शिजवण्याची पश्चिम टेनेसीची पद्धत त्यांनी जपली आहे.

जे खात नाहीत त्यांचं काय

आपल्या गटांत हा प्रश्न नेहमी येतो आणि बार्बेक्यूवाले त्याची उत्तरं मोकळेपणाने देतात, फक्त नेमकं विचारावं लागतं. ब्रिस्केट गोमांसच आहे. टेक्सासमधलं सॉसेज बहुधा गोमांसाचं किंवा मिश्र. रिब्स आणि ‘पुल्ड’ मांस बहुधा डुकराचं, पण टेक्सासात ‘चॉप्ड’ म्हणजे बहुधा गोमांस आणि रिब्सही कधी गोमांसाच्या असतात. दोन्ही वर्ज्य असेल तर चिकन आणि धुरावलेलं टर्की बहुतेक ठिकाणी असतं आणि टर्की खरंच चांगलं असतं. पण सुरी आणि लाकडी पाट सगळ्याला एकच असतात, हे ज्यांना चालत नाही त्यांनी मन आधीच तयार ठेवावं.

शाकाहाऱ्यांची फसगत पालेभाजीत होते. कोलार्ड ग्रीन्स बघून आईच्या चेहऱ्यावर समाधान येतं, आणि ती भाजी डुकराच्या हाडाबरोबर तासभर उकळलेली असते. बीन्समध्येही मांसाचे तुकडे असतात. कॉर्नब्रेडमध्ये कधी बेकनची चरबी. ब्रन्सविक स्ट्यूत तर मांस असतंच. मॅक अँड चीज, कोलस्लॉ, बटाट्याचं सॅलड, कणीस हे त्यातल्या त्यात सुरक्षित, पण मेयोनीजमध्ये अंडं असतं. तळलेली भेंडी मिळाली तर ती कोंबडी-माशाच्याच तेलात तळतात का, ते विचारा. खरं सांगायचं तर कडक शाकाहारी आईवडिलांना सॉल्ट लिकला नेऊ नये. पैसे पंगतीचे द्यायचे आणि जेवायचं पाव-कोलस्लॉ. त्यांना घरी पोटभर जेवू घाला आणि फॅट मॅट्सला किंवा बील स्ट्रीटवर गाण्यासाठी न्या. पीच कॉबलर मिळालं तर तेवढं त्यांच्यासाठी मागवा.

पैशांचं एवढंच : टेबलावर कुणी वाढत असेल तर १८ ते २० टक्के टिप, काउंटरवर त्याहून कमी चालते. बँडचे पैसे वेगळे, एका कुटुंबाने एका सेटला पाच-दहा डॉलर. नोटा सुट्या ठेवा, बरणीत कार्ड घालता येत नाही.

तुमच्यासाठी कोणतं

एकटे किंवा दोघंच असाल, गाणं जवळून ऐकायचं असेल आणि अटलांटातून जाणार असाल, तर फॅट मॅट्स, आठवड्यातल्या कुठल्या तरी साध्या रात्री. तीन पिढ्या, दहा-बारा माणसं, सगळे मांस खाणारे, तर सॉल्ट लिक, शनिवारी साडेअकराला, गाण्याची अपेक्षा न ठेवता. ऑस्टिनमध्ये रविवार सकाळ मोकळी असेल आणि त्या दिवशी गॉस्पेल असेल तर स्टब्ज. दक्षिणेत आयुष्यात एकदाच येणार असाल तर मेम्फिस, आणि तिथे दोन रात्री राहा.

अटलांटा आणि मेम्फिस यांत अडकला असाल तर अंतर लक्षात घ्या. गाडीने सहा तासांच्या आसपास लागतात, म्हणजे एका संध्याकाळसाठी ते शक्य नाही. आईवडील थकलेले असतील तर त्यांना सहा तास गाडीत बसवण्यापेक्षा पिडमाँट अव्हेन्यूवरच्या त्या खोपटात भिंतीकडचं टेबल धरा. सव्वासहाला पोचा. अर्धा स्लॅब त्यांच्यात वाटून द्या, पाव फेकू देऊ नका. उरलेल्या रिब्स फॉइलमध्ये बांधून आणा आणि दुसऱ्या दिवशी चमचाभर पाणी शिंपडून १२० अंश सेल्सिअसवर अर्धा तास ओव्हनमध्ये ठेवा. मायक्रोवेव्हमध्ये नको, चामडं होतं.